मापांतर

एखाद्या खड्याचे वजन किती, हा प्रश्न वरवर दिसतो तितका साधा नाही. जबलपूरच्या घमापुर भागात राहणाऱ्या एखाद्या मराठी गृहस्थाला ज्योतिषी सांगतो, सव्वापाच रत्तीचा पुष्कराज धारण करा. गृहस्थ कमानिया गेटाजवळच्या सराफ्यात जातो. तेथील काटा ग्रॅम आणि मिलिग्रॅम दाखवतो. खड्यासोबत मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर कॅरट छापलेले असतात. दुकानदार रत्तीत बोलतो. आणि खडा घरी आला की म्हातारी आई तो तळहातावर घेऊन विचारते, ‘किती गुंजांचा रे हा?’ चार मापे आणि खडा एकच. ग्रहांना रत्ती कळतात की मिलिग्रॅम, हा वाद येथे घालण्याचे कारण नाही. माझा प्रश्न निराळा आहे. एका मापातून दुसऱ्या मापात जाताना वस्तूला काहीच होत नाही, असे गणित सांगते, आणि ते खरेच सांगते. मग अशा वेळी माणसामाणसांत जो संशय, जी कटुता आणि कधीकधी जो उघड अन्याय उत्पन्न होतो, तो येतो कोठून?

हिशेब आधी मांडून टाकू. मीटर पद्धतीतला कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, ग्रॅमचा पाचवा हिस्सा. येथवर मतभेद नाही. रत्ती आणि गुंज ही एकाच बीची दोन नावे. संस्कृत रक्तिकेवरून हिंदीत रत्ती आली, मराठीने गुंज हे नाव जवळ केले. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, तेव्हा त्याचा शहाण्णवावा भाग १२१.५ मिलिग्रॅम होतो. सोनाराची रत्ती ती हीच. परंतु रत्नांच्या व्यापारात ‘पक्की’ म्हणून जी रत्ती चालते ती सुमारे १८२ मिलिग्रॅमची आहे, म्हणजे सोनाराच्या रत्तीच्या दीडपट. सव्वापाच रत्ती पहिल्या मापाने ६३८ मिलिग्रॅम, म्हणजे ३.१९ कॅरट भरतात. दुसऱ्या मापाने ९५७ मिलिग्रॅम, म्हणजे ४.७८ कॅरट. कॅरटचा भाव पाच हजार रुपये धरला, तर एका शब्दाच्या दोन अर्थांत आठ हजार रुपयांचे अंतर पडते. भाव मोठ्या रत्तीने सांगावा आणि खडा लहान रत्तीने मोजून द्यावा, एवढे केले की काटा न मारता, दांडीला बोटही न लावता गिऱ्हाइकाला लुबाडता येते.

म्हणून मोठी रत्ती ही अलीकडच्या लबाडांची करामत आहे असे कोणी म्हणेल, तर तेही घाईचे होईल. सतराव्या शतकात हिंदुस्थानात वारंवार येऊन गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने रत्ती ही कॅरटच्या सात-अष्टमांश असल्याचे नोंदवले आहे. त्या काळचा कॅरट आजच्यापेक्षा किंचित जड धरला तरी हे वजन एकशेऐंशी मिलिग्रॅमच्या आसपासच येते. तेव्हा रत्नाची रत्ती किमान साडेतीनशे वर्षांची आहे आणि सोनाराची रत्तीही तितकीच कुलीन आहे. अडचण नेमकी येथे आहे. दोहोंपैकी एक खोटी असती तर प्रश्न पोलिसांचा झाला असता. दोन्ही खऱ्या असल्यामुळे तो नीतीचा झाला.

बी हे माप म्हणून माणसाने का पत्करले असावे? गुंज टणक असते, चकचकीत असते, एकीसारखी दुसरी दिसते. आणि विषारी असल्यामुळे तिच्याकडे खाद्य म्हणून कोणी पाहत नाही. कॅरटचे मूळही बीच आहे. भूमध्य समुद्राच्या काठी होणाऱ्या कॅरोब नावाच्या झाडाच्या शेंगांतील बिया निसर्गतःच समान वजनाच्या असतात, अशी समजूत पुष्कळ काळ प्रचलित होती. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात त्या बियांची वजने प्रत्यक्ष तपासली गेली आणि त्या इतर झाडांच्या बियांइतक्याच कमीजास्त भरतात असे आढळले. मात्र माणूस नजरेने निवडून घेऊ लागला, की त्याने उचललेल्या बियांत पुष्कळच सारखेपणा येतो. मला हा शोध फार अर्थपूर्ण वाटतो. समानता झाडाने दिलेली नव्हती. ती निवडणाऱ्याच्या डोळ्यांत होती. आणि डोळा जर निवडू शकतो, तर विकताना लहान बिया आणि विकत घेताना थोराड बियाही तोच निवडू शकतो.

कौटिल्याला ही गोष्ट पुरती ठाऊक असली पाहिजे. अर्थशास्त्रात तो वजनांची कोष्टके उडदाच्या दाण्यांपासून आणि गुंजांपासून सुरू करतो, हिऱ्यासाठी तांदळाच्या दाण्यांचे निराळे माप देतो. पण प्रत्यक्ष वजने कशाची घडवावीत हे सांगण्याची वेळ आली की बिया बाजूला ठेवतो. ती लोखंडाची असावीत, किंवा मगध आणि मेकल येथील दगडाची, किंवा पाण्याने न वाढणाऱ्या आणि उष्णतेने न घटणाऱ्या एखाद्या द्रव्याची, असे त्याचे म्हणणे आहे. मेकल म्हणजे अमरकंटकाचा डोंगरपट्टा. नर्मदेला मेकलकन्या म्हणतात ते त्यावरूनच, आणि जबलपूर तिच्याच काठी वसलेले आहे. बाजारात रत्तीवरून हुज्जत घालणाऱ्या घमापुरच्या गिऱ्हाइकाला हे सांगून त्याचे समाधान होणार नाही, हे मला कळते. तरीही ज्या नदीचे पाणी तो पितो तिच्या उगमाकडचा दगड एके काळी प्रमाणवजनासाठी नावाजलेला होता, ही गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही.

दगड स्थिर झाला तरी शब्द स्थिर होत नाही. कौटिल्याचा सोन्याचा मासा पाच गुंजांचा होता. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी लीलावतीच्या आरंभी जी परिभाषा दिली आहे तीतही मासा पाचच गुंजांचा आहे. आपल्या आज्यांनी पाठ केलेल्या कोष्टकात तो आठ गुंजांचा झाला. १८३३ मध्ये इंग्रजी सत्तेने रुपया आणि तोळा १८० ग्रेनवर बांधून टाकले. त्यापूर्वी तोळा मुलखामुलखाने बदलत होता. प्रकृती ‘तोळामासा’ झाली असे आपण म्हणतो, तेव्हा घडीत जड आणि घडीत हलकी अशी तिची अवस्था आपल्याला सुचवायची असते. खुद्द तोळ्यामाशाची प्रकृतीही काही फारशी निराळी नव्हती.

या सरमिसळीत एक व्यवसायच उभा राहिला होता. १७९८ पासून १८१७ पर्यंत जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होते. या भागातील मराठी वस्तीची जुनी मुळे त्या आणि त्याआधीच्या सागरकर मराठ्यांच्या अंमलात शोधावी लागतात. पुढे रेल्वे, टपालखाते आणि तोफगाड्यांचा कारखाना यांनी तिच्यात भर घातली. त्या काळी एका टांकसाळीचा रुपया दुसऱ्या मुलखात नेला की सराफ तो पारखून घेई आणि बट्टा कापून बदली नाणे देई. नाण्यातील चांदी वाटेत कमी होत नसे. तरीही पलटून घेणाऱ्याच्या पदरात कमी पडे. हा बट्टा सराफाच्या श्रमाचे मोल म्हणून काही अंशी न्याय्यही होता. परंतु किती कापायचे हे सराफालाच ठाऊक, आणि नाणे घेऊन आलेल्या शिपायाला वा शेतकऱ्याला ते विचारण्याइतकेही ज्ञान नसे. पुढे मराठीने हा शब्द अब्रूकडे नेला. माणसाच्या नावाला बट्टा लागतो तो त्या व्यवहाराची आठवण ठेवूनच.

वजनाच्या नीतीचा विचार करणाऱ्याला महाभारताच्या शांतिपर्वातील तुलाधाराकडे जावेच लागते. जाजली नावाच्या तपस्व्याने एवढे स्थिर राहून तप केले की त्याच्या जटांत पाखरांनी घरटे बांधले. आणि त्या तपाचा त्याला गर्व झाला. तेव्हा वाराणसीतील तुलाधार नावाच्या वाण्याकडे जा, तो तुझ्याहून थोर आहे, असे त्याला सांगण्यात आले. जाजली गेला, तर हा गृहस्थ दुकानात बसून माल तोलत होता. माझा तराजू सर्व भूतांच्या ठिकाणी सम आहे, असा तुलाधाराच्या उपदेशाचा गाभा आहे. रानात मिळाले नाही ते ज्ञान ऋषीला बाजारात मिळावे, यातील धाडस आजही मनाला भिडते.

तथापि तुलाधाराच्या आख्यानात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. गिऱ्हाईक आणि वाणी या दोघांच्या मनात मापाचा अर्थ एकच आहे, असे तेथे मानले आहे. तराजू सम असणे ही एक गोष्ट आहे आणि त्या तराजूने सांगितलेला आकडा दोघांनी एकाच अर्थाने ऐकणे ही दुसरी. पहिल्या गोष्टीसाठी दुकानदाराचे शुद्ध मन पुरेसे आहे. दुसऱ्या गोष्टीसाठी ते पुरत नाही. पारडी अगदी समपातळीत आली, पासंगाची गरज उरली नाही, आणि तरीही घेणाऱ्याने सोनाराची रत्ती समजून देणाऱ्याची रत्ती पत्करली, तर तराजू खरा राहूनही व्यवहार खोटा होतो. ‘मापात पाप’ ही म्हण आपण मापातल्या लबाडीसाठी वापरतो. दोन मापांच्या मधल्या जागेतील पापासाठी आपल्याकडे म्हण नाही. कदाचित त्या जागेत दोषी कोण हे ठरवणे अवघड असल्यामुळे ती झाली नसेल.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. मापे ही केवळ संकेत आहेत, असे कोणी म्हणेल. संकेत समजून घेणे ही घेणाऱ्याचीही जबाबदारी आहे. कॅरट म्हणजे किती हे ज्याला ठाऊक नाही त्याने आधी विचारावे. विकणाऱ्याने प्रत्येकाला कोष्टके शिकवीत बसावे काय? आक्षेपात तथ्य आहे, कारण संकेत खरोखरच संकेतच असतो. कोहिनूर हिरा इंग्लंडात गेला तेव्हा त्याचे वजन १८६ कॅरटांहून किंचित अधिक सांगितले जाई. आज त्याच मूळ हिऱ्याचे वजन पुस्तकांत १९१ कॅरट लिहिलेले आढळते. हिरा वाढला नव्हता. प्रत्येक शहराचा कॅरट निराळा असे, आणि १९०७ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मीटर पद्धतीचा २०० मिलिग्रॅमचा कॅरट मान्य झाल्यानंतर जुना आकडा नव्या मापात उतरवला गेला. याउलट १८५२ मध्ये लंडनमध्ये त्याला नवे पैलू पाडले गेले आणि तो १०५.६ कॅरटांवर आला, तेव्हा मात्र हिरा खरोखर घटला. पहिल्या बदलाने हिऱ्याचा कणही हलला नाही, दुसऱ्याने जवळजवळ निम्मा गेला. हा भेद ज्याला दिसतो त्याला मापांतराचा बाऊ करण्याचे कारण वाटणार नाही.

परंतु कोहिनुराच्या मापांतरात कोणाचे नुकसान झाले नाही, याचे कारण दोन्ही आकडे आणि त्यांना जोडणारा गुणक हे तिन्ही सर्वांसमोर होते. आक्षेपक हे विसरतो. गुणक जेव्हा एकाच्याच खिशात असतो, तेव्हा संकेत हा संकेत राहत नाही; तो अधिकार होतो. माझे म्हणणे एवढेच आहे की ज्याला दोन्ही मापे कळतात, त्याच्यावर ती दोन्ही न विचारता सांगण्याचे ऋण आहे. ज्याला एकच कळते त्याला विचारताच येत नाही. कारण दुसरे माप आहे, हेच त्याला माहीत नसते. सव्वापाच रत्तींचा ग्राहक ‘कोणती रत्ती’ असे विचारीत नाही, यात त्याचा निष्काळजीपणा नाही. आईने घरात एकच गुंज सांगितली होती.

कायद्याने हा प्रश्न सोडवला आहे असे वाटू शकते. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने स्वीकारली, १ ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने अमलात आली, आणि रत्नांसाठी कॅरटला मान्यता राहिली. रत्ती त्या घरात राहिली नाही. आज तर किलोग्रॅमही धातूच्या दंडगोलावर अवलंबून नाही. २० मे २०१९ पासून त्याची व्याख्या प्लँकच्या स्थिरांकाने केली जाते, म्हणजे पुष्कराजाच्या कॅरटलाही शेवटी त्याच स्थिरांकाचा आधार आहे. इतके निर्दोष प्रमाण मनुष्यजातीजवळ पूर्वी कधी नव्हते. तरीही ज्योतिषी रत्तीच सांगतो आणि लोक रत्तीच मागतात. कायदा माप बदलू शकतो. तोंडातील शब्द तो बदलू शकत नाही, आणि व्यवहार तोंडाने सुरू होतो.

जबलपूरच्या उत्तरेला, कटनीच्या पलीकडे पन्ना जिल्हा आहे. तेथे सरकारकडून आठ मीटर लांबरुंद जमिनीचा पट्टा अल्प शुल्कात घेऊन साधी माणसे हिऱ्यासाठी खोदकाम करतात. खोदायचे, माती धुवायची, खडी वाळवायची, चाळायची आणि वेचायची. २०१८ मध्ये अशाच एका मजुराला ४२.५९ कॅरटचा हिरा मिळाला. ग्रॅममध्ये सांगायचे तर ८.५१८, पाऊण तोळ्याच्याही आत. ज्याच्या आयुष्यात वजन म्हटले की सिमेंटची गोणी, धान्याचे पोते आणि डोक्यावरचे घमेले, त्याला कॅरट हा शब्द व्यवहाराच्या गरजेने कधी लागला असेल? हिरा सरकारी हीरा कार्यालयात जमा करायचा, तेथे तो तोलला जातो, लिलाव होतो आणि स्वामित्वशुल्क व कर वजा जाता उरलेली रक्कम शोधणाऱ्याला मिळते. मला या व्यवस्थेत एक दिलासा दिसतो: वजन करणारा आणि विकत घेणारा हे दोघे वेगळे आहेत. तोच मजूर एखाद्या अडत्याकडे गुपचूप गेला असता, तर तोलणारा, कॅरटमध्ये सांगणारा आणि भाव ठरवणारा एकच माणूस झाला असता.

शिवाय भाव वजनाच्या मागे सरळ चालत नाही. ग्रॅमला पाचाने गुणले की कॅरट मिळतात. कॅरटला कशाने गुणले की किंमत मिळते, याला असे उत्तर नाही. एकवीस कॅरटचे दोन हिरे मिळून बेचाळीस कॅरटच्या एका हिऱ्याएवढे मोल होत नाही. ताव्हेर्नियेने वजनाच्या वर्गाप्रमाणे किंमत वाढते असा जवाहिऱ्यांचा नियम नोंदवला होता. आजचा बाजार तो तंतोतंत पाळत नसला तरी मोठ्या खड्याच्या प्रत्येक कॅरटचा भाव अधिक असतो हे खरे. म्हणून खाणीतून आलेल्या माणसाला वजन कळले तरी त्याचे अर्धेच कळलेले असते.

या संदर्भात हिरे तपासणाऱ्या अमेरिकेतील एका नामांकित संस्थेची रीत मला आवडते. वजन दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत लिहिताना तिसऱ्या स्थळी नऊ असेल तरच आकडा वर नेतात. शाळेत आपण पाचाला वर नेतो. तेथे ०.९९८ कॅरटचा हिरा ०.९९ असाच लिहिला जातो, एक कॅरट होत नाही. एक कॅरटची रेषा ओलांडली की भाव उडी घेतो, आणि त्या रेषेवर दोन सहस्रांश कॅरटची, म्हणजे मिलिग्रॅमच्याही अंशाची शंका असेल तर ती विकत घेणाऱ्याच्या बाजूने सोडवावी, हे त्यात गृहीत आहे. गणिताच्या दृष्टीने हा नियम एकतर्फी आहे. उरलेला अंश कोणाच्या तरी पदरात पडणारच असतो. तो ज्याच्याजवळ काटा नाही त्याच्या पदरात टाकला आहे.

सर्वच मापांतरे बाजारात होत नाहीत. मला ठाऊक असलेल्या जबलपूरच्या एका मराठी कुटुंबात आजीने १९५५ साली स्वहस्ते कागद लिहून ठेवला होता. पाटल्या, पुतळ्यांची माळ, वाकी असा सगळा ऐवज; त्यातून धाकट्या नातीला चार तोळे द्यावेत, उरलेले थोरलीचे. आजी गेल्या, कागद पेटीत राहिला, आणि वाटणीची वेळ आली तेव्हा तोळ्याचा अर्थ बदललेला होता. महाराष्ट्रात आणि आता बऱ्याच ठिकाणी तोळा म्हणजे दहा ग्रॅम. धाकटीला चाळीस ग्रॅम दिले तर आजीच्या कागदातील शब्द अक्षरशः पाळला जातो. ४६.६६ ग्रॅम दिले तर आजीच्या हातात तेव्हा जे वजन होते ते पाळले जाते, पण ते वरचे सहा ग्रॅम आणि काही मिलिग्रॅम थोरलीच्या वाट्यातून जातात. आणि थोरली तर चाळीस ग्रॅमच्या हिशेबानेच लहानाची मोठी झालेली. कोणीही खोटे बोलत नव्हते. कागद खरा, काटा खरा, दोन्ही तोळे खरे.

कायदेपंडित म्हणतील, लिहिणाऱ्याच्या काळचा अर्थ घ्यावा. मलाही ते पटते. शब्द ज्याने उच्चारला त्याच्या मापाने तो मोजावा, नाहीतर मेलेल्या माणसाच्या नावाने आपणच बोलू लागतो. पण आजीचा खरा हेतू चार या संख्येत होता, की धाकटीला थोरलीच्या मानाने अमुक एक हिस्सा मिळावा यात होता, हे वजनाच्या कोणत्याही कोष्टकात सापडत नाही. वाटणी करणाऱ्या मामांना दोन्ही तोळे ठाऊक होते. बहिणींना एकच ठाऊक होता, आणि तो आजीचा नव्हता. मामा गप्प राहून चाळीस ग्रॅम देऊ शकले असते. कोणालाही कळले नसते. त्यांनी दोघींना एकत्र बसवले, पाटीवर दोन्ही आकडे लिहिले, जुना तोळा किती आणि नवा किती हे सांगितले, चाळीस ग्रॅम धाकटीच्या आणि बाकीचे थोरलीच्या हातात दिले. मधले ६.६६ ग्रॅम त्यांनी माळेतील एक पुतळी आणि वाकीचा एक तुकडा असे जुळवून तोलले, कागदाच्या पुडीत बांधले, पुडीवर दोघींची नावे लिहिली आणि ती कपाटात ठेवली. थोरली अजून धाकटीला घे म्हणते, धाकटी थोरलीला. पुडी तेथेच आहे.